प्रोस्टेट थोडी वाढली आहे, त्रास फारसा नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नाशी-साठीतले पुरुष लघवीच्या तक्रारीबद्दल बोलायला लाजतात. दवाखान्यात येतात ते गुडघ्यासाठी नाहीतर बीपीच्या गोळ्यांसाठी, आणि निघता निघता दाराशी थांबून विचारतात, "डॉक्टर, हल्ली धार जरा मंद झालीय, काही नसेल ना?" फॅमिली डॉक्टर म्हणून हा प्रश्न मी सतत ऐकते. दाराशी उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. हे सगळं कमी त्रास असलेल्यांसाठी आहे. ज्यांची लघवी अडली आहे किंवा लघवीतून रक्त जातंय, त्यांनी हे वाचत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा.

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ प्रोस्टेटोमेगाली’ आली आहे. म्हणजे नक्की काय झालं?

प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर तिचा नळीलगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ सापडते. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही.

रिपोर्टमधला ‘ग्रेड’ फक्त आकार सांगतो. त्रास किती आहे, पुढे किती होईल, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. २५ सीसीची ग्रंथी नळी चांगलीच आवळू शकते आणि ६० सीसीची ग्रंथी असलेला माणूस रात्रभर शांत झोपू शकतो. त्यामुळे ग्रेड बघून घाबरू नका आणि ग्रेड बघून निर्धास्तही होऊ नका.

त्या कागदावर त्याहून महत्त्वाची एक ओळ असते : लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली. ५० मिलीच्या आत असेल तर उत्तम. शंभरच्या आसपास असेल तर लक्ष ठेवायचं. दोनशे-तीनशेच्या वर आणि पुन्हा तपासूनही तेवढीच असेल, तर यूरोलॉजिस्टकडे जायला हवं. पण हा आकडा कधी कधी फसवतो. सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर "पाणी पीत राहा, लघवीला जाऊ नका" म्हणून माणसाला तासभर बसवलेलं असतं. नंबर येतो तेव्हा मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणलेलं असतं. ते एका दमात रिकामं होत नाही आणि रिपोर्टमध्ये ‘१४० मिली शिल्लक’ असं छापून येतं. तसं झालं असेल तर तंत्रज्ञाला सांगा, दहा मिनिटांनी पुन्हा लघवी करून या आणि परत मोजायला लावा. एवढ्यावर अनेकांची काळजी मिटते.

हा कॅन्सर तर नाही ना? किंवा पुढे कॅन्सर होतो का?

नाही. साध्या वाढीचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. साधी वाढ नळीभोवतीच्या भागात होते, कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा लक्षणंच नसतात. म्हणून एकदा तपासणी करून घ्यावी.

डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी तपासतात. अर्ध्या मिनिटाचं काम असतं, आणि लाजेपोटी ते टाळणारे फार आहेत. कृपा करून टाळू नका. ग्रंथी मऊ आहे की त्यात कडक गाठ लागते, हे बोटाला कळतं.

पीएसए ही रक्ततपासणी करायची की नाही, हे वय आणि घरातला इतिहास बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर हे आवर्जून सांगा. रिपोर्टवर बहुधा ४ ही मर्यादा छापलेली असते, पण साध्या वाढीने, लघवीतल्या जंतुसंसर्गाने किंवा नुकताच कॅथेटर (लघवी काढण्यासाठी आत सरकवलेली बारीक नळी) घातला असेल तरी पीएसए वाढतं. संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर सहा आठवड्यांनी तपासा. तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांबवर सायकल चालवणं टाळा.

माझा त्रास ‘सौम्य’ आहे हे ठरवायचं कोणी?

तुम्हीच. त्यासाठी आयपीएसएस नावाची प्रश्नावली आहे. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने १९९२ मध्ये तयार केलेल्या प्रश्नांवर ती बेतलेली आहे आणि आज जगभर वापरली जाते. गेल्या महिन्याभराबद्दल सात गोष्टी विचारतात : लघवी पूर्ण झाली नाही असं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, धार मध्येच तुटते का, लागली की धरवत नाही असं होतं का, धार बारीक आहे का, सुरू करायला जोर लावावा लागतो का, आणि रात्री किती वेळा उठावं लागतं. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० किंवा त्याहून जास्त तीव्र.

शेवटी वेगळा आठवा प्रश्न असतो : उरलेलं आयुष्य लघवीचं असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? माझ्या मते निम्मा निर्णय या एका प्रश्नावर होतो. गुण १० असूनही "मला काही वाटत नाही" म्हणणारा शेतकरी असतो आणि गुण ६ असूनही दर अर्ध्या तासाने वर्गाबाहेर पडावं लागतं म्हणून हैराण झालेला शिक्षक असतो. दोघांचे उपाय सारखे असणार नाहीत.

कागद स्वतः भरा, मुलाने किंवा बायकोने अंदाजाने भरायचा नाही. तारीख घालून जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी परत भरा. साधारण ३ गुणांचा फरक पडला की तो माणसाला जाणवतो. एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर त्याला अर्थ देऊ नका.

लघवीची डायरी म्हणजे काय? खरंच मोजायची?

खरंच मोजायची. सगळ्या तपासण्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला खर्च शून्य. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा एक मग न्हाणीघरात वेगळा ठेवा. तीन दिवस निवडा, सलग नसले तरी चालतात. दर वेळी किती वाजता आणि किती मिली, एवढं लिहा. काय प्यायलात तेही शेजारी लिहा. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ टाका. एका दिवसाचं पान असं दिसतं :

सकाळी ६.१०, ३८० मिली. ७.००, चहा एक कप. ८.३०, १५० मिली. ११.००, २०० मिली… रात्री १०.३० ला झोपलो. १२.५०, ३५० मिली. ३.४०, ४०० मिली.

हे पान बघताच मी त्या माणसाला प्रोस्टेटबद्दल बोलणं थांबवायला सांगेन. रात्री दोनदा उठला, पण दर वेळी मग भरभरून लघवी झाली. नळी अडलेल्या माणसाला सहसा एवढी मोकळी लघवी होत नाही. इथे रात्री लघवी तयारच जास्त होते आहे. रात्रीचा हिशेब करताना सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीतच धरा, कारण ती रात्रीच साठलेली असते. पासष्टीच्या पुढे चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

याउलट दिवस-रात्र दर वेळी ८०–१०० मिलीच होत असेल, तर मूत्राशय चिडकं झालं आहे किंवा नीट रिकामं होत नाही. आणि दिवसाची बेरीज तीन लिटरच्या वर गेली, तर आधी रक्तातली साखर तपासा आणि किती पाणी पिता ते बघा. मधुमेह असलेल्या घरात "वयाची लघवी आहे" म्हणून वर्ष काढलेलं मी पाहिलं आहे.

आमचे हे रात्री तीन-तीनदा उठतात, दिवसा काहीच त्रास नाही. प्रोस्टेटच ना?

कदाचित नाही. ताई, आधी हे बघा : संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात का? मोज्याचा वळ उठतो का? दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीवाटे जातं. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही पाय सुजतात. अशांनी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं, आणि लघवीची गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं.

दुसरं म्हणजे घोरणं. मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असतील, दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. त्यानेही रात्रीची लघवी वाढते. त्याच्यावर उपचार झाले की उठणं कमी होतं.

तिसरं मीठ. जपानमधल्या नागासाकीच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ज्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. आपल्या ताटात लोणचं, पापड, ठेचा आणि वर ताकात मीठ असतंच. रात्रीच्या जेवणातून एवढं काढून बघा, महिन्याभरात फरक कळतो.

आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवा. झोपेत उठून पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे रात्री उठण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

पाणी कमी प्यायलं तर चालेल?

नाही. पाणी तोडलं की लघवी गडद होते, उन्हाळी लागते, मूत्राशय आणखी चिडतं आणि मुतखड्याला आमंत्रण मिळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये तर हे मुळीच करू नका. एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पुरे, उन्हात काम करणाऱ्याला जास्त लागतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाणच पाळा. बदलायची आहे ती वेळ : बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत प्या, झोपायच्या आधीचे दोन तास घोटापुरते. सकाळी अनशेपोटी लिटरभर पाणी पिण्याची सवय असेल आणि ऑफिसला जाताना लोकलमध्ये हाल होत असतील, तर ती सवय मोडा.

चहा आणि दारू?

चहा दिवसाला दोन कप, शेवटचा चारच्या आत. कॉफीचं तसंच. रात्रीची दारू लघवी वाढवते आणि कधी कधी पूर्ण अडवतेही.

दुसऱ्या आजारांच्या गोळ्यांनी त्रास वाढतो का?

वाढतो, आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये बहुधा दोन औषधं एकत्र असतात. नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामाइन मूत्राशयाचा जोर कमी करतं. सौम्य त्रास असलेल्या माणसाची लघवी अचानक बंद पडते तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते तो, "सर्दीची गोळी घेतली होती का?" सर्दी झाली तर वाफ घ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटॅमॉल घ्या आणि मेडिकलवाल्याला "मला प्रोस्टेट आहे" असं स्पष्ट सांगा.

खाजेच्या काही जुन्या गोळ्या, पोटातल्या मुरड्यावरच्या काही गोळ्या आणि झोपेसाठी किंवा मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन यांनीही असंच होतं. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी वाढणारच. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

हर्निया, मूळव्याध किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना प्रोस्टेटबद्दल आधीच सांगा. ऑपरेशननंतर लघवी अडण्याची शक्यता असते, त्यांना तयारी ठेवता येते.

गोळ्या न घेता घरी काय करता येईल?

बरंच. २००७ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी १४० पुरुषांवर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. निम्म्यांना छोट्या गटात बसवून पाणी-चहाच्या वेळा, लघवी थोडी थोडी लांबवणं, नीट रिकामी करणं असं सगळं शिकवलं. तीन महिन्यांनी शिकवलेल्यांपैकी १० टक्क्यांचा त्रास आटोक्यात आला नव्हता, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं.

लघवी कमोडवर बसून करा. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यात त्रास असलेल्या पुरुषांची लघवी बसून केल्यावर जास्त मोकळी होते असं दिसलं. झाली असं वाटलं की उठू नका. मिनिटभर थांबा, थोडं पुढे वाका, पुन्हा प्रयत्न करा. पोटाने जोर मात्र लावायचा नाही.

उठल्यावर पँटमध्ये थेंब गळतात, ही लाज आणणारी तक्रार फार जणांची आहे. त्याला सोपा उपाय आहे. लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागे, बैठकीच्या बाजूला तीन बोटं टेकवा आणि हलका दाब देत पुढे आणा. नळीत अडकलेली लघवी बाहेर येते. दोन-तीनदा करा.

सारखी लागत असेल तर लागल्याबरोबर धावू नका. पाच मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात दहा. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतो, ते आवळून धरले की लहर ओसरते. मलावरोध असेल तर तो आधी घालवा, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. आणि चाला. अमेरिकेतल्या हजारो पुरुषांच्या १९९८ मधल्या एका मोठ्या अभ्यासात आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांना हा त्रास होण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी दिसलं.

एसटीचा लांबचा प्रवास, लग्नकार्य, वारी… तेव्हा काय करायचं?

निघायच्या आधी दोन तास चहा नको, निघताना एकदा जाऊन या. गाडी थांबेल तिथे लागली नसली तरी उतरा. तासन् तास दाबून धरू नका, अति ताणलेलं मूत्राशय नंतर सुरूच होत नाही. पाणी पूर्ण बंद करू नका, घोट घोट प्या. वारीला जाणाऱ्यांनी आपल्या गोळ्यांची यादी खिशात ठेवावी.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

लघवी लागली आहे, पोट तटतटलं आहे आणि थेंबही उतरत नाही : त्याच क्षणी, रात्र असली तरी. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून सकाळची वाट बघू नका. कॅथेटर घातला की काही मिनिटांत आराम पडतो.

लघवीतून रक्त, एकदाच दिसलं आणि दुखलं नाही तरी. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ. पाठीत-कुशीत दुखणं.

आणखी एक लक्षण आहे, ते दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहतं : नकळत सतत थेंब गळणं, रात्री अंथरूण ओलं होणं. मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं, वरचेवर सांडत असतं आणि मागे किडनीवर ताण येत असतो. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्या माणसाचं असंच. तसं नसतं, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाबा नाशिकला, मी दुबईला. फोनवर विचारलं की "बरं आहे" म्हणतात. काय विचारू?

"त्रास आहे का" असं विचारू नका, नाहीच म्हणतील. रात्री किती वेळा उठलात, पिक्चरला किंवा कीर्तनाला पूर्ण वेळ बसवतं का, प्रवासाला जाणं टाळताय का, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हल्ली नको वाटतं" असं आलं, तर खोदून विचारा. आईला वेगळं विचारा.

गोळी कधी सुरू करायची?

त्रास सौम्य आणि तुम्हाला सहन होण्यासारखा असेल, लघवी तुंबत नसेल, तर गोळीची गरज नाही. वर्षातून एकदा प्रश्नावली, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि उरलेल्या लघवीचं मोजमाप एवढं बहुधा पुरतं. गुण वाढत गेले किंवा कामधंदा, झोप बिघडली तर गोळीचा विचार करायचा.

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गोळ्या ग्रंथीचे स्नायू सैल करतात. काही दिवसांतच फरक कळतो, ग्रंथी मात्र लहान होत नाही. पटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणात क्षणभर बसून मग उठा. वीर्य बाहेर येणं कमी होतं किंवा थांबतं, विशेषतः सिलोडोसिनने. त्यात धोका नाही, पण आधी कोणी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल नक्की सांगा, गोळी पूर्वी घेऊन सोडली असली तरी. ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं आणि त्यांना काळजी घ्यावी लागते.

फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात आणि ग्रंथी मोठी असेल तरच उपयोग. काहींची कामेच्छा कमी होते. यांनी पीएसए साधारण निम्मं होतं, म्हणून वर्षभराने आलेला २ हा आकडा डॉक्टर ४ असा वाचतात. गोळी चालू आहे हे लॅबच्या कागदावर लिहून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

रोजची ५ मिलिग्रॅम टाडालाफिलही यासाठी देतात. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा तत्सम गोळी घेणाऱ्याने ती कदापि घेऊ नये, बीपी धोकादायक खाली जातं.

गोखरू, वरुण, सॉ पामेटो… काढे-कॅप्सूल घेऊ का?

सॉ पामेटोवर (एका पामच्या फळांचा अर्क) अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले, २००६ आणि २०११ मध्ये. दुसऱ्यात तिप्पट मात्रेपर्यंत देऊन पाहिलं. औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. महागडी कॅप्सूल विकत घेऊ नका. आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर पदवीधर वैद्यांकडून घ्या, जत्रेतल्या किंवा जाहिरातीतल्या पुडीत काय आहे ते कळत नाही. आणि घेत असाल तर मला, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना, सांगा. मी रागावणार नाही.

कधीतरी ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुतेकांना लागत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मध्यम त्रासाच्या ५५६ पुरुषांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये आला. ज्यांना फक्त लक्ष ठेवून थांबायला सांगितलं, त्यांच्यापैकी तीन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शाने ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांना लागलं नाही, आणि ही मंडळी तुमच्याहून जास्त त्रासातली होती. लघवी वारंवार अडणं, खडे, किडनीवर परिणाम, वारंवार संसर्ग किंवा रक्त जाणं ही ऑपरेशनची ठोस कारणं. नळीवाटे दुर्बिणीने ग्रंथी खरवडणं किंवा लेसरने काढणं या रुळलेल्या पद्धती आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट : बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत प्रोस्टेट वाढीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, अनेकदा दोन वर्षांचा. निदान झालं की पॉलिसीतलं ते पान काढून वाचा, नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नका. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून आधी विचारून घ्या.